दुकानाच्या जागेचे कागद वाचून देणाऱ्या एका वकील कार्यालयाविषयी

पुण्यात नारायण पेठेत आमचे छपाईचे आणि बाइंडिंगचे दुकान आहे. वडिलांनी ते १९७८ साली एका वाड्याच्या दर्शनी भागात पागडी (भाड्याखेरीज सुरुवातीची एकरकमी रक्कम) देऊन भाड्याने घेतले होते. आज ते मी चालवतो. त्याशिवाय कर्वे रस्त्याच्या बाजूला नोव्हेंबर २०२१ पासून लीव्ह अँड लायसन्सवर घेतलेला दुसरा गाळा आहे. २०२४ च्या जून महिन्यात पहिल्या जागेविषयी घरमालकांच्या वकिलाची नोटीस आली आणि त्याच वर्षी ऑक्टोबरअखेर दुसऱ्या जागेच्या कराराची मुदत संपणार होती, म्हणून शिवाजीनगर न्यायालयाजवळच्या एका वकीलबाईंच्या कार्यालयाची पायरी मी चढलो. तेव्हापासून त्या कार्यालयाने जे काम केले, त्याचा हा अभिप्राय आहे. कार्यालयाचे नाव मी लिहीत नाही, कारण बार कौन्सिलच्या नियमांनुसार वकिलांना जाहिरात करता येत नाही आणि माझ्या लिहिण्यामुळे त्यांना अडचण व्हावी अशी माझी इच्छा नाही. आपल्या गावातल्या वकिलाकडे जाताना कोणत्या कामाची अपेक्षा धरावी, हे वाचकाला कळले तरी माझ्या लिहिण्याचा उपयोग झाला असे मी समजेन.

या कार्यालयात येण्यापूर्वी मी आणखी एका वकिलांना भेटलो होतो. त्यांनी नोटीस वरवर चाळली, टेबलावर ठेवली आणि म्हणाले, “काही काळजी करू नका, दावा पंधरा-वीस वर्षे आरामात चालवू.” घरी येईपर्यंत मला त्या वाक्याने धीर आला होता. पुढे या वकीलबाईंनी त्या वाक्याचा अर्थ समजावून सांगितला, तेव्हा मात्र अंगावर काटा आला. दावा लांबतो हे खरे आहे, पण निकाल विरुद्ध गेला आणि अपिलात स्थगिती मागितली, तर जागेच्या बाजारभावाप्रमाणे दरमहा रक्कम भरण्याची अट न्यायालय घालू शकते, असे सर्वोच्च न्यायालयाने आत्माराम प्रॉपर्टीज विरुद्ध फेडरल मोटर्स या डिसेंबर २००४ च्या निकालात सांगितले आहे. महिना ३४० रुपये भाडे भरणाऱ्या माणसाला नारायण पेठेतल्या रस्त्याकडेच्या दुकानाचा आजचा बाजारभाव भरावा लागला, तर अपिलाचा निकाल लागेपर्यंत धंदाच उरणार नाही. वेळ काढणे हे ज्याचे एकमेव शस्त्र आहे, त्याने हा धोका भाडेकरूला पहिल्याच दिवशी सांगायला हवा, असे माझे स्पष्ट मत झाले आहे.

या कार्यालयाची पहिली भेट ठरवताना फोनवर एक यादी सांगण्यात आली: हाती असतील तेवढ्या सर्व भाडेपावत्या, महापालिकेची कराची बिले, महावितरणची वीजबिले, शॉप अॅक्टचा दाखला, जीएसटीचे प्रमाणपत्र, वडिलांचा मृत्यूचा दाखला आणि नोटीस आलेला लिफाफा. नुसती नोटीस नको, लिफाफाही हवा, कारण नोटीस कोणत्या तारखेला हातात पडली हे त्यावरूनच ठरते. मी एका जुन्या बुटाच्या खोक्यात पावत्या भरून नेल्या. वकीलबाईंनी त्या टेबलावर वर्षांप्रमाणे मांडल्या आणि स्वतः वाचल्या. पावणेदोन तास त्या खाली मान घालून वाचत होत्या आणि मध्येच एखादी पावती बाजूला काढून ठेवत होत्या. शेवटी त्यांनी मला सांगितले की पावत्यांवरून भाडेकरूपण अगदी निर्विवाद आहे, परंतु तीन ठिकाणी आपली बाजू सांभाळावी लागेल आणि त्यांपैकी एक ठिकाण खरोखर कच्चे आहे. ज्याला आपण पैसे देतो त्याने आपल्याला न आवडणारी गोष्ट इतक्या सरळपणे सांगावी, याचे मला तेव्हा नवल वाटले आणि आजही त्याचीच मला सर्वांत जास्त किंमत वाटते.

नोटिशीत पहिला आरोप भाडे थकवल्याचा होता. वस्तुस्थिती अशी होती की म्हातारे मालक गेल्यानंतर जानेवारी २०२४ पासून त्यांच्या मुलांनी भाडे घेणेच बंद केले होते. मी दरमहा वाड्यात जाऊन पैसे पुढे करत होतो, ते “पुढच्या महिन्यात बघू” म्हणत होते, आणि या सगळ्याचा माझ्याकडे एकही कागद नव्हता. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ हा ३१ मार्च २००० पासून लागू आहे. त्याच्या कलम १५ प्रमाणे थकबाकीची लेखी मागणी मिळाल्यापासून नव्वद दिवस उलटल्याशिवाय मालकाला त्या कारणावरून ताब्याचा दावा लावता येत नाही, आणि दावा लागलाच तर समन्स मिळाल्यापासून नव्वद दिवसांत थकबाकी, त्यावर वार्षिक पंधरा टक्के सरळ व्याज आणि दाव्याचा खर्च न्यायालयात भरून, पुढेही नियमित भरत राहणाऱ्या भाडेकरूविरुद्ध थकबाकीच्या कारणावर हुकूमनामा (जागा सोडण्याचा न्यायालयाचा आदेश) होत नाही. हे संरक्षण ऐकताना मोठे वाटते, परंतु ते केवळ दिवस मोजणाऱ्यालाच मिळते. वकीलबाईंनी लिफाफ्यावरच्या तारखेपासून नव्वदावा दिवस कोणता येतो हे माझ्या समोर भिंतीवरच्या कॅलेंडरवर मोजले, त्या चौकोनाभोवती लाल वर्तुळ केले आणि सहा महिन्यांच्या भाड्याचा धनादेश त्याच आठवड्यात पोचपावतीसह रजिस्टर टपालाने थोरल्या मुलाला पाठवायला लावला. तो परत आला. त्यानंतर जुलैपासून दरमहा मनीऑर्डर करायची आणि “घेण्यास नकार” असा शेरा मारून परत आलेला कागद फाईलला लावायचा, असा क्रम ठरला. कायद्याच्या कलम ११ प्रमाणे मालकाला दरवर्षी चार टक्के वाढ मागता येते. म्हाताऱ्या मालकांनी ती कधी मागितली नव्हती, तरी हिशेब करून वाढीव रक्कमच पाठवावी असा वकीलबाईंचा आग्रह होता. न्यायालयापुढे उभे राहणाऱ्याचा हात देता असला पाहिजे, हे त्यांचे म्हणणे मला पूर्ण पटले.

दुसरा आरोप विनापरवानगी पक्के बांधकाम केल्याचा होता. त्यासाठी वकीलबाई स्वतः दुकानात आल्या. कार्यालयात बसून उत्तर लिहिणे सोपे होते, पण त्यांनी टेप आणली, मोबाइलवर फोटो काढले आणि पोटमाळ्याखाली वाकून लोखंडी अँगल भिंतीत रोवले आहेत की नटबोल्टने जोडले आहेत हे पाहिले. ते नटबोल्टचे होते. प्लायवूडची आडभिंत, फॉल्स सीलिंग आणि एअर कंडिशनर ही कामे तर कलम १६ च्या स्पष्टीकरणातच पक्क्या बांधकामातून वगळलेली आहेत, फक्त जेथे महापालिकेची परवानगी आवश्यक असेल तेथे ती हवी. ही तरतूद किती दुकानदारांना ठाऊक असेल? आमच्या गल्लीतल्या एका शेजाऱ्याने अशाच एका नोटिशीला घाबरून चांगली आडभिंत स्वतःच्या हाताने पाडली होती, आणि त्या कामाचे फोटो काढून मालकांनी तेच कबुलीचा पुरावा म्हणून वापरण्याचा प्रयत्न केला होता.

याच भेटीत, पावत्या वाचताना न दिसलेला आणखी एक कच्चा दुवा सापडला. माझा भाचा गेली चार वर्षे दुकानात झेरॉक्सचे मशीन चालवतो. मशीन त्याचे, वीज माझी, आणि येणाऱ्या पैशातला हिस्सा ठरलेला. काउंटरवर काचेखाली दोन क्यूआर कोड होते, एक माझ्या नावाचा आणि एक त्याच्या. वकीलबाई त्या दुसऱ्या क्यूआर कोडकडे काही क्षण बघत राहिल्या आणि मग त्यांनी विचारले, “या पत्त्यावर ह्यांच्या नावाचा वेगळा शॉप अॅक्ट किंवा जीएसटी काढलेला आहे का?” भाच्याने चाचरत सांगितले की शॉप अॅक्टची ऑनलाइन सूचना (या पत्त्यावर आपला धंदा असल्याची सरकारदरबारी नोंद) त्याने कर्जासाठी दिली होती. मामाला त्याने ते कधीच सांगितले नव्हते. पोटभाडेकरू ठेवणे हे कलम १६ खाली जागा काढून घेण्याचे एक प्रमुख कारण आहे, आणि न्यायालयात प्रश्न विचारला जातो तो नात्याचा नव्हे, ताब्याचा: जागेचा एखादा भाग दुसऱ्याच्या स्वतंत्र ताब्यात दिला आहे का, कुलपाची किल्ली कोणाकडे असते, धंद्यावर हुकूम कोणाचा चालतो. काचेखालचा तो तळहाताएवढा कागद आणि ती सूचना मिळून मालकांच्या बाजूचे दोन साक्षीदार झाले होते.

यावर एका स्नेह्याने मागच्या तारखेचा भागीदारीचा दस्त करून घ्यावा असे सुचवले होते. मी ते वकीलबाईंपुढे मांडले तेव्हा त्यांनी पेन खाली ठेवले आणि असे करायचे असल्यास फाईल परत न्यावी, असे शांतपणे सांगितले. जी खरी गोष्ट आहे तीच उत्तरात लिहायची, असे ठरले: मशीन भाच्याचे आहे, ते हिश्श्याच्या व्यवहारावर चालते, दुकानाचा ताबा आणि किल्ली माझ्याकडे आहे, भाच्याच्या ताब्यात कोणताही वेगळा भाग नाही. पुढचा व्यवहार मात्र आजच्या तारखेचा लेखी करार करून नीट बसवला, सगळी विक्री माझ्याच बिलावर आणि माझ्याच खात्यावर घेतली, आणि भाच्याची ती सूचना मागे घेतली. यामुळे झालेली चूक पुसली जात नाही, ती न्यायालयात निघालीच तर तिला उत्तर द्यावे लागेल, हेही त्यांनी मला लेखी कळवले. त्याच संदर्भात त्यांनी आणखी एक संकट टाळले. आमच्या सीएंनी धंदा प्रायव्हेट लिमिटेड करण्याचा सल्ला दिला होता. कंपनी ही कायद्याने वेगळी व्यक्ती असते, त्यामुळे माझ्या वैयक्तिक भाडेकरूपणाची जागा तिच्या ताब्यात देणे हे हस्तांतर ठरू शकते, आणि भरणा झालेले भागभांडवल एक कोटी किंवा अधिक असलेल्या कंपन्यांना तर कलम ३ प्रमाणे हा कायदाच लागू होत नाही. करसल्लागाराचा सल्ला करापुरता बरोबर असतो, जागेपुरता तो वेगळ्या माणसाला विचारावा लागतो, हे मला तेव्हा कळले.

तिसरी गोष्ट पावत्यांवरच्या नावाची होती. वडील २०११ साली गेले, पण पावत्या शेवटपर्यंत त्यांच्याच नावाने येत राहिल्या. आम्ही कोणीही त्याकडे लक्ष दिले नाही, कारण मालक घरच्यासारखे होते. व्यापारासाठी दिलेल्या जागेच्या बाबतीत, भाडेकरूच्या मृत्यूच्या वेळी कुटुंबातील जी व्यक्ती तेथे त्याच्यासोबत धंद्यासाठी जागा वापरत होती, ती कलम ७ मधील व्याख्येप्रमाणे भाडेकरू होते. म्हणजे २०११ साली मी दुकानात होतो हे दाखवणे भाग होते. शॉप अॅक्टचा जुना दाखला वडिलांच्याच नावाचा होता. दोन दिवस आम्ही घरातली कपाटे उपसली. शेवटी माळ्यावरच्या एका पेटीत २००९ सालच्या एका गणेशोत्सव मंडळाच्या वर्गणी पावतीपुस्तकांच्या छपाईचे बिल सापडले. त्यावर वडिलांच्या छापील नावाखाली माझी सही होती, आणि मंडळाच्या खजिनदारांनी “रक्कम चिरंजीवांकडे दिली” असे स्वतःच्या अक्षरात लिहून ठेवले होते. वकीलबाईंनी ते बिल प्लास्टिकच्या पाकिटात घातले. त्याबरोबर आई आणि बहीण यांची, दुकानाचे भाडेकरूपण माझ्याकडे असण्यास हरकत नसल्याची, पत्रेही त्यांनी घेतली, कारण वारसांत पुढे मतभेद झाले तर तो प्रश्नही न्यायालयातच जातो. ज्यांच्या पावत्या अजून वडिलांच्या किंवा आजोबांच्या नावाने येत आहेत, त्यांनी घरात सगळे एका मताचे असतानाच हे काम करून घ्यावे, असे मी कळकळीने सुचवतो.

मध्यंतरी वाड्यातल्या सामाईक नळाचे पाणी तोडण्यात आले. कलम २९ प्रमाणे पाणी, वीज, जिन्यातला दिवा यांसारख्या आवश्यक सेवा मालकाला योग्य कारणावाचून बंद करता येत नाहीत, भाडेकरूला त्यासाठी न्यायालयात अर्ज करता येतो आणि अशी सेवा तोडणे हा शिक्षेस पात्र असा गुन्हाही आहे. कार्यालयाने अर्ज तयार ठेवला आणि आधी एक पत्र पाठवले. आठव्या दिवशी पाणी आले. अर्ज दाखल करून फी वाढवता आली असती, ती त्यांनी वाढवली नाही, याची येथे नोंद करतो.

दुसऱ्या जागेचे काम वेगळ्या जातीचे होते. लीव्ह अँड लायसन्समध्ये आपण भाडेकरू नसतो, परवानाधारक असतो, आणि मुदत संपली की जागा सोडायची असते. राहत्या घराचा परवाना संपला तर मालकाला सक्षम प्राधिकाऱ्याकडे झटपट ताबा मागता येतो. दुकानाच्या बाबतीत तो मार्ग नाही, मालकाला लघुवाद न्यायालयात दावा करावा लागतो. काही दुकानदार याच फटीचा फायदा घेऊन जागा अडवून बसतात. मुदतीनंतर एक दिवसही जागा धरून ठेवण्याचा सल्ला हे कार्यालय देणार नाही, असे वकीलबाईंनी सुरुवातीलाच सांगितले. ज्यांना असा सल्ला हवा असेल त्यांनी येथे जाऊ नये.

नव्या कराराचा मसुदा मालकांच्या दलालाने पाठवला होता. त्याचा पहिला प्रस्ताव अकरा महिन्यांचा करार नोटरी करण्याचा होता, कारण “अकरा महिन्यांना नोंदणी लागत नाही.” ही समजूत आपल्या बाजारपेठेत इतकी घट्ट बसलेली आहे की तिच्याविरुद्ध बोलणाराच वेडा ठरतो. महाराष्ट्रात मात्र भाडे नियंत्रण कायद्याच्या कलम ५५ प्रमाणे असा करार लेखी आणि नोंदणीकृतच असावा लागतो, मुदत कितीही असो. नोंदणीची जबाबदारी मालकाची आहे, करार नोंदवलेला नसेल तर अटींविषयी भाडेकरूचे म्हणणे ग्राह्य धरले जाते जोवर उलट सिद्ध होत नाही, आणि कसूर करणाऱ्या मालकाला तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजार रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. शिवाय नोंदणीचा खर्च टाळण्याइतका मोठाही नाही. माझ्या करारात छत्तीस महिन्यांचे दरमहा ३०,००० रुपये म्हणजे १०,८०,००० रुपये, दोन लाखांच्या परत मिळणाऱ्या डिपॉझिटवर दरसाल दहा टक्के धरून तीन वर्षांचे ६०,००० रुपये, अशा एकूण ११,४०,००० रुपयांवर पाव टक्का मुद्रांक शुल्क, म्हणजे २,८५० रुपये झाले, आणि शहरी भाग असल्याने नोंदणी फी १,००० रुपये. दलाल जेवढा एका सहीचा मोबदला घेतो, त्याच्या पासंगालाही हा खर्च पुरत नाही.

मसुद्यात मालकाला एका महिन्याच्या नोटिशीवर करार संपवण्याची मुभा होती आणि मला मात्र छत्तीसही महिने बांधून घेतले होते. आधी सोडले तर उरलेल्या सर्व महिन्यांचे भाडे द्यायचे, अशी अट होती. वकीलबाईंनी समोर फर्निचरचा हिशेब मांडायला लावला: रॅक, काउंटर, कटिंग मशीनचा पाया आणि वायरिंग मिळून माझे जे पैसे त्या गाळ्यात अडकतात, ते निदान दीड वर्ष तरी वसूल होत नाहीत, म्हणून अठरा महिने दोघांनीही बांधील राहावे, असे कलम त्यांनी घातले आणि मालकांनी ते थोड्या कुरबुरीनंतर मान्य केले. डिपॉझिट “जागेची पाहणी करून यथावकाश” परत देण्याची भाषा काढून किल्ली देतानाच परत, आणि कपात केलीच तर बिलासह, असे लिहिले. सरकारी आदेशाने दुकान बंद ठेवावे लागले तर त्या काळात अर्धी रक्कम, हेही कलम घातले. त्याचे कारण त्यांनी सांगितले ते लक्षात ठेवण्यासारखे आहे. मे २०२० मध्ये दिल्लीच्या खान मार्केटमधील जोड्यांच्या एका दुकानाच्या प्रकरणात दिल्ली उच्च न्यायालयाने, जागेचा ताबा सांभाळून केवळ टाळेबंदीच्या कारणाने भाडे स्थगित करून मागता येत नाही, असे ठरवले. अशी सूट हवी असेल तर ती मुळात करारात लिहिलेली पाहिजे. “जीएसटी वेगळा” या दोन शब्दांच्या ओळीवरही त्यांनी खूण केली. आमच्या मालकांची जीएसटी नोंदणी नाही, माझी नियमित नोंदणी आहे, आणि १० ऑक्टोबर २०२४ पासून अशा व्यवहारात अठरा टक्के कर मालकाला द्यायचा नसतो, तो भाडे भरणाऱ्यानेच उलट आकारणीने सरकारकडे भरायचा असतो. ती ओळ तशीच राहिली असती तर मी मालकांना दरमहा ५,४०० रुपये दिले असते आणि सरकारचे देणे पुन्हा वेगळे राहिले असते. पुढची बारीक गणिते त्यांनी सीएंकडे सोपवली.

आता उणिवा. कार्यालय चौथ्या मजल्यावर आहे आणि लिफ्ट नाही. पहिल्या दिवशी सल्ल्याची फी दीड हजार रुपये एवढे सांगितले होते, परंतु नोटिशीच्या उत्तराची सहा हजार आणि करार वाचून दुरुस्त करण्याची चार हजार ही रक्कम काम झाल्यावर कळली. रक्कम मला जास्त वाटली नाही, तरी ती आधी लेखी कळायला हवी होती. हे मी बोलून दाखवल्यानंतर पुढच्या कामाचा आकडा आधी आला. नोटिशीच्या उत्तराचा पहिला मसुदा इंग्रजीत होता. ज्या उत्तराखाली माझी सही होणार, ते मला शब्दन्‌शब्द समजले पाहिजे असा आग्रह धरल्यावर त्यांनी ते मराठीत करून दिले. हे उत्तर पहिल्यापासूनच मराठीत असायला हवे होते. न्यायालयाच्या कामाच्या दिवशी संध्याकाळी सातपर्यंत फोन लागत नाही, आणि एकदा मालकांच्या वकिलांबरोबरच्या बैठकीला जे ज्युनियर आले, त्यांनी फाईल वाचलेलीच नव्हती. माझे नशीब म्हणून त्या दिवशी काही ठरले नाही. ज्यांना एवढी फी परवडत नाही, त्यांनी जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे जरूर चौकशी करावी, कारण १९८७ च्या कायद्याप्रमाणे महिलांना आणि अनुसूचित जाती-जमातींच्या व्यक्तींना उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळू शकतो. आमच्या गल्लीत खाणावळ चालवणाऱ्या एका ताईंना हे ठाऊकच नव्हते.

नोटिशीच्या उत्तरानंतर आजपर्यंत दावा लागलेला नाही. त्याऐवजी मालकांची मुले एका बांधकाम व्यावसायिकाला घेऊन आली, कारण मूळ हेतू वाड्याचा पुनर्विकास हाच होता. वाडा धोकादायक म्हणून पाडला की भाडेकरूचा हक्क आपोआप संपतो, असे आम्हाला सांगण्यात आले होते. ते खरे नाही. शहा रतनशी खिमजी अँड सन्स या महाराष्ट्रातल्याच प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाच्या तीन न्यायमूर्तींनी २०१४ साली, इमारत पाडली गेली तरी भाडेकरूपण संपत नाही, कारण जमीनही भाडेपट्ट्याचा भाग असते, असे ठरवले आहे. वकीलबाईंनी या निकालाची प्रत बैठकीत समोर ठेवली आणि त्यानंतरचे बोलणे वेगळ्या सुरात झाले.

सध्या घोळ आहे तो जागेच्या तोंडाचा. बांधकाम व्यावसायिक आमचे १८० चौरस फूट मान्य करतो, परंतु त्याच्या नकाशात ते पार्किंगच्या मागे, गल्लीच्या बाजूला दाखवलेले आहेत. दुकानाचे मोल चौरस फुटांत मोजून चालत नाही. लग्नपत्रिका छापायला आलेले माणूस रस्त्यावरून पाटी वाचून आत शिरते, पार्किंग ओलांडून ते मागे येणार नाही. वकीलबाईंनी मसुद्यात “समान क्षेत्रफळ” या शब्दांपुढे “तळमजल्यावर, मुख्य रस्त्यास सन्मुख, किमान नऊ फूट दर्शनी रुंदीसह” असे लिहिले, नकाशावर ती जागा लाल शाईने आखली आणि तो नकाशा नोंदणीकृत कराराचा भाग असल्याखेरीज ताबा सोडू नये असे मला बजावले. बांधकामाच्या काळातल्या पर्यायी जागेचे भाडे आगाऊ मिळावे, ही मागणीही त्यातच आहे. तिसरा मसुदा परवा बांधकाम व्यावसायिकाकडून आला. त्यात दर्शनी रुंदी नऊऐवजी सात फूट लिहिली आहे आणि गुरुवारी त्यावर पुन्हा बसायचे आहे. या महिन्याची मनीऑर्डर काल नेहमीच्या शेऱ्यासह परत आली. तो सोळावा कागद मी फाईलला लावला.